सावित्रीचं गाणं आणि आसोद्याची लेक

पिंप्राळ्याहून आम्ही बोलतोय. दर वेळी आपण कर्ज, हप्ता, पापड-कुरडयांचा माल असं काही बोलतो. आज हिशोब नाही. आज आपल्या जळगावच्याच एका बाईचा इतिहास सांगायचा आहे. पण त्याआधी आमच्या गटात काय घडलं ते सांगावं लागेल. ते घडलं नसतं तर हा इतिहास आमच्या डोक्यात आलाच नसता.

आमच्या गटात बारा जणी आहेत. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. आमच्यातल्या एकीचा नवरा संध्याकाळी कामावरून आला, चहा घेतला, छातीत जळजळतंय म्हणाला. रिक्षात घालून नेईपर्यंत संपलं होतं. वय चाळीसच्या थोडं पुढे. आजार नाही, औषध नाही, कोणाला निरोप नाही. चहाची बशी ओट्यावर तशीच होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही दारावर गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘माझा मैतर गेला वं माय.’ नवरा गेला, धनी गेला, असं बायका म्हणतात. ही मैतर म्हणाली. आणि ते खरंच होतं. बैठकीला तिला सोडायला तोच यायचा, आणि न्यायला आला की दारातूनच विचारायचा, आज किती जणींनी हप्ता बुडवला? संध्याकाळी ती भाकरी थापायची आणि तो बाजूला बसून वांगी चिरायचा. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. आता त्या चिडवण्याचं वाईट वाटतं.

वाईट वाटावं अशी दुसरीही गोष्ट आहे, ती सांगतो. तिरडी उचलायच्या आधी म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं तसं तिला बाहेर आणलं. कुंकू पुसलं, डोरलं तोडलं, बांगड्या फोडल्या. ती हात मागे घेत होती. तिचे हात ज्यांनी धरून ठेवले त्यांत आमच्या गटाच्या दोघी होत्या. परक्या नाही, आम्हीच. एका मनगटाला काच लागली, त्यावर हळद कोणी लावली तेही आम्हीच.

मग संक्रांत आली. गटाच्या हळदीकुंकवाची यादी केली. अकरा नावं झाली. बारावं कोणी खोडलं नव्हतं, ते लिहिलंच गेलं नव्हतं. तिळगूळ वाटून झाल्यावर एक जण म्हणाली, ‘आपण बहिणाबाईला बोलावलं असतं का गं हळदीकुंकवाला?’ कोणी उत्तर दिलं नाही. त्या महिन्यापासून आम्ही बैठकीत शेवटची पंधरा-वीस मिनिटं बहिणाबाईंची गाणी वाचायला लागलो. पुस्तक एकीच्या मुलीचं होतं, कॉलेजचं.

बहिणाबाई चौधरी आपल्याला शाळेतल्या कवितेपुरत्या माहीत असतात. विद्यापीठालाही २०१८ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं, गिरणेचा पूल ओलांडला की पाटी दिसते. पण ही बाई तिशीत विधवा झाली आणि उरलेली चाळीस वर्षं तशीच जगली, हे आपण फारसं बोलत नाही. संसारावर इतकं गोड गाणं बांधणारी बाई म्हटली की तिचा संसार भरलेलाच असेल असं आपण धरून चालतो.

त्यांचा जन्म आसोद्याचा, ऑगस्ट १८८०, दिवस नागपंचमीचा. वडील उखाजी महाजन, आई भीमाई. तीन भाऊ, तीन बहिणी. शाळेचं तोंड पाहिलं नाही. त्या काळी आसोद्यासारख्या गावात शेतकऱ्याच्या मुलीला शाळेत कोण घालणार होतं! तेराव्या वर्षी लग्न झालं आणि त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या. नवऱ्याचं नाव नथूजी खंडेराव चौधरी. आसोदं ते जळगाव अंतर किती, तर सकाळी निघालं की न्याहारीला पोचावं इतकं. तरी माहेर ते माहेर. माहेरच्या वाटेवरची त्यांची गाणी आपल्या सगळ्यांना पाठ आहेत, आणि ती गाताना आजही एखादीचे डोळे भरतातच.

त्यांना तीन मुलं झाली. काशी ही मुलगी, ओंकार आणि सोपान हे दोघे मुलगे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि मग वर्षानुवर्षं तो आपल्याकडच्या गावागावांत फिरत राहिला. लोक घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचे. ओंकारला प्लेगने गाठलं. तो वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं. सोपानचा जन्म १९०७ चा. आणि १९१० च्या सुमाराला नथूजी गेले. म्हणजे धाकटा तिसऱ्या-चौथ्या वर्षात, थोरला आजाराने खिळलेला, आणि आई तीस वर्षांची.

आमच्या मैत्रिणीपेक्षा वयाने लहान होत्या हो त्या तेव्हा.

आता इथे थोडा कायदा सांगायला हवा. विधवेचं दुःख म्हटलं की आपण रडण्याबद्दल बोलतो, जमिनीबद्दल बोलत नाही. १९१० साली एकत्र कुटुंबातला नवरा गेला तर त्याच्या जमिनीत बायकोला वाटा नव्हता. वाटा मुलांचा. बाईला पोटगी, म्हणजे अन्न-वस्त्र, तेही घरच्यांच्या मनावर. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ पासून होता, पण त्यातच लिहिलं होतं की दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला. आपल्या शेतकरी जातींमध्ये पाट लावायची रीत तर त्या कायद्याच्याही आधीची. म्हणून शहरात जसं विधवेचं केशवपन व्हायचं तसं आपल्याकडे सर्रास नव्हतं. पण म्हणून आपल्याकडे सगळं बरं होतं असंही नाही. केस राहिले तरी कपाळ आणि मनगट मोकळंच व्हायचं.

१९३७ मध्ये कायदा झाला आणि विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यावर हक्क मिळाला, तोही हयातभरापुरता. विकायचं म्हटलं तर हात बांधलेले. आणि शेतजमिनीला तो कायदा लागू आहे की नाही यावरच सुरुवातीची वर्षं वाद चालला. मुलामुलींच्या बरोबरीने आणि पूर्ण मालकीचा वाटा मिळाला तो १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. बहिणाबाई गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला. पाच वर्षं आधी.

तर अशी ही तिशीतली बाई. तिने काय केलं? शेतात गेली. आणि जात्यावर बसली. लिहिता येत नव्हतं, म्हणून जे सुचायचं ते ओवीत बांधायचं आणि गायचं. नवरा गेल्यावरचं तिचं एक गाणं आहे, ते आम्ही तीन बैठका वाचत होतो. ओळी इथे म्हणत नाही, पुस्तकातूनच वाचा, आमच्या तोंडी त्याचं वजन कमी होतं. पण ती काय म्हणते ते सांगतो.

ती म्हणते, कपाळावरचं कुंकू पुसलं गेलं, पण खाली गोंदण आहे, ते कोण पुसणार? बांगड्या फुटल्या, पण मनगटातलं बळ तिथेच आहे. गळ्यातलं तुटलं, पण गळ्याची आण आहे, ती तुटत नाही. आणि एका ठिकाणी जमिनीलाच विचारते, ही जादू कशी झाली? झाड निघून गेलं आणि त्याची सावली मात्र मागे राहिली.

गोंदणाचं वाचलं तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वडील आजींनी पदर बाजूला करून कपाळावरचा हिरवा ठिपका दाखवला. त्या सव्वीस वर्षं विधवा आहेत. ‘हे लग्नाच्या आधीचं आहे,’ म्हणाल्या, ‘माहेरचं. ह्याला कोणी हात लावला नाही.’ आम्हाला आजवर वाटायचं गोंदण म्हणजे जुन्या बायकांची हौस.

रडण्याबद्दलही बहिणाबाई बोलतात. त्यांचं रडणं लपवाछपवीचं नाही. डोळे आटून गेले, आता हुंदके तेवढे राहिले, असं त्या सांगतात. आणि मग स्वतःच्याच जिवाला समजावतात की समोर दोन लेकरं आहेत, बस कर आता. इथे आम्ही दोन-तीन जणी थोड्या भांडलो. एक म्हणाली, ‘बघा, ती कशी सावरली.’ दुसरी म्हणाली, ‘सावरली कुठे, सावरावं लागलं.’ आम्हाला दुसरीचं पटतं. दुःख झालेल्या बाईला बहिणाबाईचं उदाहरण देऊन ‘तू पण खंबीर हो’ म्हणणं सोपं आहे. ते आम्हीही करून बसलो आहोत. पण त्या गाण्यात खंबीर होण्याआधी किती रडणं आहे ते मोजा जरा.

हात पाहणाऱ्या ज्योतिषालाही त्या दारातून परत पाठवतात. कुंकवाखाली नशिबाची रेघ लपलेली होती, कुंकू गेलं आणि ती उघडी पडली, आता तुझं भविष्य मला नको, असा त्यांचा सूर आहे. आपल्याकडे तरुण माणूस गेला की आठ दिवसांत कोणीतरी सांगायला येतं की हिच्या पायगुणाने झालं, अमुक शांत करा, तमुक करा. तेव्हा हे गाणं उपयोगी पडतं. आमच्या मैत्रिणीच्या घरी असं सांगणारा आला होता आणि एकवीसशे रुपये घेऊन गेला.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही आजच्या बोलण्याला हे नाव दिलं, ती गोष्ट. सोपान शाळेत जायला लागला होता. एकदा त्याने पुस्तकातला सत्यवान-सावित्रीचा धडा आईला वाचून दाखवला. आईने ऐकला. रात्र गेली. सकाळी आईचं त्या गोष्टीवर गाणं तयार! मुलगा चकित झाला आणि त्या दिवसापासून आईची गाणी वहीत उतरवून घ्यायला लागला. हीच ती वही. हाच सोपान पुढे कवी सोपानदेव चौधरी झाला.

आजवर ही गोष्ट आम्ही ‘आई किती हुशार’ म्हणून ऐकत आलो. या वर्षी ती वेगळी ऐकू आली. सावित्री कोण? नवरा अचानक गेला, तिने यमाच्या मागे जाऊन त्याला परत आणला, ती बाई. आणि ऐकतंय कोण? जिचा नवरा परत आलेला नाही ती. जेठी पौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळायला सगळ्या जातात तेव्हा विधवा घरी राहते, ही रीत आपल्याला माहीत आहे. म्हणजे वडापाशी जिला जागा नाही तिने रातोरात सावित्रीचं गाणं बांधलं. लेकराच्या तोंडून तो धडा ऐकल्यावर रात्री तिच्या मनात काय चाललं असेल? त्याबद्दल त्या काही बोलल्या असतील तर ते कुठे लिहिलेलं आम्ही वाचलं नाही. पण आमची मैत्रीण त्या बैठकीला होती, पहिल्यांदाच आली होती, आणि ती एवढंच म्हणाली, ‘मी पण रिक्षाच्या मागे पळाले होते.’

बहिणाबाई गेल्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी पाहताच ओळखलं की हे सोनं आहे आणि महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा होईल. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली, अत्र्यांच्याच प्रस्तावनेसह. बाईने स्वतः ते पुस्तक पाहिलं नाही. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. कधी बाजाराला गेलात तर एकदा तिकडे जा, मुलींना घेऊन जा.

ज्यांचं गाणं कोणी लिहून घेतलं नाही अशा किती असतील. एक जवळचंच सांगतो. बालकवी ठोंबरे धरणगावचे. १९०७ साली जळगावला कवींचं संमेलन भरलं तेव्हा सतरा वर्षांच्या या पोराला बालकवी ही पदवी मिळाली. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनवर रूळ ओलांडताना मालगाडीखाली ते गेले. वय सत्तावीस. भादली म्हणजे भुसावळकडे जाताना जळगावच्या पुढचं स्टेशन, आपल्यातल्या कितीतरी जणी तिथून पॅसेंजर पकडतात. बालकवींवर पुस्तकं आहेत, लेख आहेत, मुलं त्यांची श्रावणाची कविता पाठ करतात. घरी त्यांची बायको होती. त्या दिवशी तिला हे कोणी सांगितलं, कसं सांगितलं, पुढचे दिवस तिने कसे काढले, ते शाळेच्या पुस्तकात एका ओळीनेही नाही.

आणि जिने रीत मोडली तिचंही सांगायलाच हवं. २८ नोव्हेंबर १८९० ला पुण्यात जोतीराव फुले गेले. पन्नास वर्षांचा संसार, आणि नुसता संसार नाही. एकत्र शाळा काढल्या, एकत्र शेण-दगड सोसले, विधवांच्या बाळंतपणासाठी घरात जागा केली, त्यातल्याच एका विधवेचं मूल, यशवंत, दत्तक घेतलं. सावित्रीबाईंइतकं ‘मैतर गेला’ म्हणायचा हक्क कोणाला असेल? अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी दत्तक मुलावरून वाद काढला, टिटवं कोणी धरायचं म्हणून. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं, त्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. १८९० साली! त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांना एकत्र करून विधवांचे केस आम्ही कापणार नाही असं त्यांच्याकडून ठरवून घेतलं. एकशे तीस वर्षांहून जास्त झाली की या गोष्टीला. आणि आम्ही गेल्या दिवाळीनंतर मैत्रिणीचे हात धरून ठेवले.

हे मोडता येतं का? येतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या, तालुका शिरोळ, ग्रामपंचायतीने ठराव केला की आमच्या गावात नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करा असं कळवलं. परिपत्रकाने बांगडी वाचत नाही हे आम्हाला कळतं. तिरडी दारात असते तेव्हा कागद कोणी वाचत नाही, म्हातारी सांगते तसं होतं. म्हणून आम्ही म्हाताऱ्यांशीच बोललो. गोंदणवाल्या आजी म्हणाल्या, ‘मी सांगेन. पण तुम्ही दोघी माझ्या बाजूला उभ्या राहा, मग.’ त्या ‘मग’मध्ये टोमणा होता आणि तो आम्ही घेतला.

ज्यांना आत्ता या गोष्टीतून जावं लागतंय त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी सांगून ठेवतो, कारण दुःखात या हमखास राहतात. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करा आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती जास्तीच्या घ्या, प्रत्येक टेबलावर एक लागते. शेती असेल तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे लगेच द्या, ‘दीर बघतील’ म्हणून सोडू नका, आणि सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलं की उतारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बँकेत बारा-वीस रुपयांचा आणि चारशे छत्तीस रुपयांचा विमा दर वर्षी कापला जात होता का ते पासबुकात बघा. आमच्या मैत्रिणीला तो कापला जातोय हेच माहीत नव्हतं. पासबुक तो वाचायचा ना.

आणि नवरा जिवंत आहे त्यांनीही ऐका. शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्ती म्हणून चळवळ केली होती, बायकोचं नाव जमिनीला लावा म्हणून. १९९२ मध्ये सरकारने तसा आदेशही काढला, नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. आमच्या बारा घरांतल्या शेती असलेल्या घरांत आम्ही चौकशी केली. एकाच घरात लागलेलं होतं, आणि ते कोणाच्या घरात ते तुम्हाला सांगायला नको. वांगी चिरणाऱ्याच्या.

बाकी आषाढीला पिंप्राळ्याचा रथ निघेल तेव्हा आपण भेटूच. त्याआधी आखाजी आहे. आपल्याकडे आखाजीचे दोन अर्थ, एकीकडे माहेरवाशिणींचे झोके आणि गाणी, दुसरीकडे पितरांची घागर. एकाच घरात, एकाच दिवशी. आमच्या मैत्रिणीच्या घरी यंदा पहिली घागर भरायची आहे. त्या सकाळी आम्ही अकरा जणी तिच्याकडे जाणार आहोत, मांडे तिथेच करू. तिच्या दारात निंबाचं झाड आहे, दर वर्षी झोका तिथेच बांधतो, आणि दोर तोच वर चढून बांधायचा. यंदा बांधायचा का, असं आम्ही तिला विचारलं आहे. तिने अजून सांगितलेलं नाही.